दिवाळीतला पावशा

ढाणकीच्या स्टँडवर मी पुण्याला जायला निघाले, तेव्हा एसटीच्या खिडकीखाली धाकटा भाऊ संज्या सारखा नाक ओढत रडत होता. ती त्याची लहानपणापासूनची खोड. मी नाही रडले. बाबा गेल्यावर उमरखेडच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करताना मी एकच अट घातली होती. शेत तुझं, विहीर तुझी, पण नाल्याकाठची झाडी तोडायची नाही. संज्यानं खिडकीच्या गजाला धरून शपथ घेतली, "बाबाची आन, ताई. एका झाडाले कुऱ्हाड लागली तं मले भाऊ म्हनू नको."

त्या झाडीत बाबांनी मला पाखरं शिकवली होती, तीही डोळे मिटून. निंदण करून थकलो की बाभळीखाली आडवं व्हायचं. डोळा उघडला की बाद. विहिरीत घुमल्यासारखा भारद्वाज, भांड्यावर ठोके घालणारा तांबट, भांडखोर तितर. बाबा म्हणायचे, "पाखरू डोयाले फसवते, कानाले नाई."

पुण्यात आठव्या मजल्यावर माझ्या वाट्याला कबुतरं आली. ती ओळखायला बाबा लागत नाहीत. मग संज्या दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर झाडीतला मिनिटभर आवाज पाठवू लागला. मी तो स्पीकरवर लावायची, सोसायटीतल्या चार बायकांना चहाला बोलवायची आणि डोळ्यांवर ओढणी बांधून एकेक पाखरू नाव घेऊन हजर करायची. टाळ्या पडायच्या. गाव सोडून गेलेल्यांनो, हसू नका. तुम्हीही कुठलं ना कुठलं लोणचं उघडून असा प्रयोग करताच.

गेल्या दिवाळीआधीचा रविवार. डोळ्यांवर ओढणी, समोर बायका, आणि स्पीकरमधून पावशा ओरडला, "पेरते व्हा, पेरते व्हा." टाळ्या पडल्या. मी ओढणी सोडली. पावशा ओरडतो मृगाच्या तोंडावर. दिवाळीत आमच्याकडे कापूस वेचून राह्यले असतात, तेव्हा तो पेरायला कुणाला सांगणार?

भाऊबीजेला मी न कळवता गेले आणि आधी शेत गाठलं. नाल्याच्या काठापर्यंत तूर उभी होती. सरळ ओळीत, शाळेतल्या पोरांसारखी. बुंधेसुद्धा उपटून नेले होते.

संज्या मागून धावत आला. डुकरं त्या झाडीतच दडायची, पेरलेलं उकरून टाकायची, असं सांगत राहिला. तीन वर्षं झाली म्हणे तोडून. कारण खरं असेल. मी एवढंच विचारलं, "मंग हे पाखरं कुठचे?"

"तोडाच्या आधी उन्हाळाभर मोबाइलमधी भरून ठेवले. तुले दर रविवारी लागतीन म्हनून."

म्हणजे कुऱ्हाडीला धार लावण्याआधी हा माणूस अख्खा उन्हाळा तिथे मोबाइल धरून बसला होता. घरी संज्याच्या बायकोनं तोवर ओवाळणीचं ताट तयार ठेवलं होतं. मी निरांजन लावलं नाही. संध्याकाळची गाडी पकडली.

रविवारी बायका विचारतात, आज पाखरं नाहीत का? मी सांगते, सुट्टीत गावाला गेलीत. त्या हसतात. त्या गेल्या की मी दार लावते, ओढणी बांधते आणि तेच जुने आवाज लावते. माझं माहेर आता तेवढंच आहे, आणि ज्यानं तोडलं त्यानंच भरून ठेवलेलं. भारद्वाज. तांबट. तितर. प्रत्येकाचं नाव मी मोठ्यानं घेते. मिनिट संपता संपता, अगदी जवळून, कुणीतरी नाक ओढतं.

तो आवाजही मी ओळखते. त्याचं नाव घेत नाही.