हात तेवढा धूसर

त्या इमारतीत सगळे तिला फोटोवहिनी म्हणत. कपडे उसवून मापात बसवून द्यायचे हा तिचा धंदा. शिवणयंत्र खिडकीपाशी आणि यंत्राशेजारी मोबाइल. कुणी फावल्या वेळात रमलेलं दिसलं, की सुई राहायची बाजूला. गच्चीत कबुतरांना शीळ घालणारा ड्रायव्हर, कुंड्यांवर खेकसणारी नर्स, जिन्यात बसून बासरीचा जीव घेणारा कारकून, सगळे तिच्या मोबाइलमध्ये जमा होते. कुणी सावरून बसलं की ती ओरडायची, "पोज देऊ नका हो! पासपोर्टातले दिसता."

नवरा न्हावी. खाली रस्त्यावर दोन खुर्च्यांचं दुकान, एका खुर्चीमागे तो, दुसरीमागे धाकटा भाऊ. घरी आला की काडेपेटीच्या काड्या चिकटवून पूल बांधत बसायचा. त्याचे फोटो तर तिने ढिगाने काढले होते.

एकदा त्यातला एक मोठा करून भिंतीवर लावावा म्हणून ती निवडायला बसली. पूल स्वच्छ आला होता, चष्मा स्वच्छ, मिशीतला पांढरा केससुद्धा मोजून घ्यावा असा. उजवा हात तेवढा धूसर. आपलाच मोबाइल हलला असेल, म्हणून तिने दुसरा पाहिला. तिथेही तेच. मागचे काढले, त्याच्याही मागचे काढले. जुन्या फोटोंत बोटं ठसठशीत होती. अलीकडच्या फोटोंत मात्र हाताच्या जागी नुसता धूर.

हा हात रोज लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवत होता.

विचारायचा तिला धीर होईना. जेवताना ती त्याच्या हाताकडे चोरून बघायची, तर तो पेला दोन्ही हातांनी धरायचा. "जड आहे का पेला?" तिने विचारलं.

"छे. का गं?"

"उगीच."

दुसऱ्या दिवशी शिवताना तिने एक बाही उलटीच जोडली. शेवटी मोबाइल उचलला आणि तशीच खाली गेली. खुर्चीत निवृत्त मास्तर मान मागे टाकून, तोंडभर फेस घेऊन बसले होते. नवऱ्याने वस्तरा उघडला होता. कोपर बरगडीला गच्च दाबून धरलं होतं, तरी पातं थरथरत होतं.

"अहो!" तिचा आवाज चिरकला. "जरा बाहेर या. आत्ता."

"गिऱ्हाईक आहे समोर."

"म्हणूनच म्हणते!"

तो तणतणत बाहेर आला. तिने एकेक फोटो त्याच्यासमोर सरकवला. त्याने दोन पाहिले आणि तोंड फिरवलं.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मास्तरांचा कान कापला ना, त्याच्याही आधीपासून. मी त्यांना सांगितलं, तुम्हीच हललात." त्याने उजवा हात खिशात कोंबला. "वस्तरा सोडला तर माझ्याकडे राहतं काय?"

"आणि उद्या कुणाचा गळा चिरला तर?"

तेवढ्यात फेसासकट मास्तर दारात उभे. "नवराबायकोचं भांडण चालू द्या, माझी ना नाही. पण साबण वाळून माझा पुतळा व्हायला लागलाय!"

दोघांनाही हसू आलं नाही. नवऱ्याने वस्तरा भावाच्या हातात दिला. "यांची दाढी तू कर," एवढंच म्हणाला. भावाने एकदा त्याच्याकडे, एकदा वहिनीकडे पाहिलं आणि वस्तरा चामड्याच्या पट्टीवर परजायला घेतला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला कागदावर वर्तुळं काढायला लावली, बोटं नाकाला टेकवायला लावली. तपासण्या झाल्या. निकाल येईस्तोवर तिचा जीव टांगणीला लागला होता. सगळ्यात वाईट दुखण्याचं नाव दोघांनीही उच्चारलं नाही. निकाल आले, तर ते दुखणं निघालं नाही. नुसता हाताचा कंप होता, पण पुरता जाणारा नव्हता. गोळ्यांनी कमी होईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वस्तरा मात्र बंद.

आता तो मशीनने केस कापतो. दाढीचं गिऱ्हाईक आलं की भावाकडे बोट दाखवून म्हणतो, "आमच्याकडे दाढी खातं वेगळं." काही दिवस हात बरा असतो, काही दिवस शर्टाचं बटण लागत नाही. त्या दिवशी ती काळजीने त्याच्यावरची नजर काढत नाही.

"अगं, माझ्या हाताकडे काय बघतेस?" तो परवा वैतागून म्हणाला. "दुधाकडे बघ. उतू चाललंय!"