दोन्ही हातांचं प्रेशर

माणसांच्या छातीत इतका रमणारा आणि माणसांच्या घोळक्यात इतका अवघडणारा गृहस्थ माझ्या मेहुण्यांखेरीज साऱ्या जिल्ह्यात सापडायचा नाही. बावड्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्यात हृदयाचा आणि महाधमनीचा सर्जन झाला. हृदयातून निघणाऱ्या त्या अंगठ्याएवढ्या जाड रक्तवाहिनीवर ते तासभर बोलत, पण 'प्रवास कसा झाला?' याला उत्तर सुचत नसे. कुणी हात पुढे केला की मनगट धरायचे, नाडी मोजायचे आणि समोरच्याला सांगून टाकायचे, "बरे आहात." माझी बायको सुमन त्यांची एकुलती धाकटी बहीण. ती चारचौघांत ओरडायची, "दादा, पाहुण्यांना सोड आणि चहा घे!"

इंदापुरात एका लग्नात वाढायला आलेल्या उंच, लांबसडक बोटांच्या माणसाकडे ते टक लावून बघत राहिले. मग भरलं ताट सोडून उठले.

"घरात कुणी अचानक गेलं होतं का?"

"व्हय. थोरला भाऊ. धडधाकट हुता."

"सोमवारी पुण्याला या. तपासायचंय."

अशा अंगकाठीच्या काहींची महाधमनी मुळातच कमकुवत असते; त्या माणसाची तर फुग्यासारखी फुगलेली निघाली. ऑपरेशन झालं. तो अजून लग्नांत जिलबी वाढतो.

आणि अशा माणसाची बहीण महाधमनीच फाटून गेली. तीन वर्षांपूर्वी सकाळी सुमनच्या पाठीत एकदम कळ आली. "कुणी आतून फाडतंय बघा," म्हणाली. इथं बारामतीत घराजवळच्या दवाखान्यात नेलं. पित्त असेल म्हणून इंजेक्शन दिलं, आम्ही घरी आलो. दुपारी तिचा डावा हात गार पडला, तेव्हा मी मेहुण्यांना फोन लावला. ते थिएटरमध्ये होते, टेबलावरच्या माणसाचं हृदय थांबवलेलं. निरोप आत गेला. "शेजारचं थिएटर तयार ठेवा," एवढंच म्हणाले आणि हातातलं काम करत राहिले. तो माणूस वाचला. सुमन पुण्याच्या वाटेवर, यवतच्या पुढं, गाडीतच गेली. आम्ही पोचलो तेव्हा ते हॉस्पिटलच्या फाटकाशी उभे होते.

"दाजी, सकाळीच निघाला असता तर..." म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "चूक तुमची नाही. हे ओळखायचं कसं, ते आम्ही गावाकडं कुणाला शिकवलंच नाही."

तेव्हापासून दर रविवारी ते सांगवी, पणदरे, बावडा अशी इकडची गावं फिरतात. लहान लहान दवाखान्यांत जाऊन डॉक्टरांना एकच गोष्ट सांगतात : पाठीत फाडल्यासारखं दुखत असेल तर दोन्ही हातांचं प्रेशर घ्या, फरक दिसला तर महाधमनी फाटलेली असू शकते, वेळ न घालवता पुण्याला पाठवा. काही डॉक्टर कंटाळतात. हे पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

मागच्या महिन्यात ते भर दुपारी घरी आले. दारातूनच म्हणाले, "पणदऱ्याच्या डॉक्टरनं दोन्ही हातांचं घेतलं. लगेच पाठवलं. वाचली ती बाई."

"फार चांगलं झालं."

"आज बोलली. पहिलं काय विचारलं असेल? म्हशींची धार कुणी काढली!" ते हसले, आणि हसता हसताच त्यांनी चष्मा काढला. "सुमनच्याच वयाची आहे, दाजी."

मी जेवून जा म्हणालो. पूर्वी असं म्हटलं की ते घड्याळ बघायचे. त्या दिवशी राहिले. आम्हा दोघांनाही स्वयंपाक येत नाही. पिठलं केलं, ते खारट झालं. तरी दोघांनी सगळं संपवलं.