विक्रम एका हाकेने हुकला

परदेशात, ब्लॅकटाउनमध्ये, स्वतःच्या हिमतीवर मसाल्यांचं दुकान उभं केल्यावर, नव्वदच्या दशकात, मी रविवारी बेसबॉल खेळू लागलो. ओळीने सर्वाधिक सामन्यांत फटका मारून पहिला बेस गाठण्याच्या क्लबच्या विक्रमाशी एका मोसमात मी बरोबरी केली. आणखी एका सामन्यात जमलं की विक्रम माझा.

त्या सामन्यातल्या शेवटच्या संधीला माझा चेंडू घरंगळत गेला आणि क्षेत्ररक्षक घसरून पडला. तेवढ्यात कुंपणापलीकडून बायको ओरडली, "नको, थांब!" क्रिकेटमध्ये धाव नाकारता येते, बेसबॉलमध्ये पळावंच लागतं. मी क्रिकेटच्या सवयीने बॅट धरून उभा राहिलो. पडलेल्याने सावकाश उठून चेंडू फेकला आणि मी बाद.

अंपायरशी आधी भांडलो, मग घासाघीस केली. "निदान अर्धा फटका तरी धर."

"सॉरी मेट, अर्धं काही मिळत नाही इथे."

गाडीत बायकोवर भडकलो. "तुझ्यामुळे गेला विक्रम."

"लग्न झाल्यापासून माझं एक ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "आजच बरं सुचलं ऐकायला."

माझा राग अजून गेलेला नाही. पुढच्या रविवारी तिला घरीच राहा म्हटलं, तर ती माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.