गिटारचे पाच साचे

मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या तापातून मी उठलो, पण छाती पूर्वीची राहिली नाही. दरबारच्या बँडात मी क्लॅरिनेट वाजवत असे. आता चार सूर फुंकले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आमचे बँडमास्तर मूळचे गोव्याचे. त्यांनी मला घरी बोलावलं, भिंतीवरची गिटार काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"महाराजांकडे साहेबलोक जेवायला येतात, तेव्हा हलकं वाजवणारा माणूस लागतो," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत शिका. तोवर तुमची जागा राखतो."

त्याच तापात आमची तीन वर्षांची मुलगी गेली होती. तेव्हापासून बायको कामापुरतंच बोलायची. मास्तरांचं बोलणं सांगितलं तशी म्हणाली, "फुकता येत न्हाय तर न्हाय. बोटं हायत की." कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली.

मास्तरांची रीत सरळ होती. सा, ग, प हे सूर एकदम छेडायचे नाहीत, एकामागून एक मोकळे करायचे. त्यासाठी डाव्या हाताच्या बोटांची ठरावीक मांडणी असे. तिला ते साचा म्हणत. दांडीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत असे पाच साचे, आणि एकातून दुसऱ्यात हात न थांबता सरकला पाहिजे. त्यांनी कागदावर सहा तारांच्या सहा रेघा ओढून मला बोटांच्या जागी टिंबं काढून दिली.

पहिला साचा आठवड्यात बसला. दुसराही बसला. तिसऱ्यात करंगळी ताणावी लागे आणि माझी करंगळी थरथरायची. आजारपणानं हाताला जो कंप दिला, तो गेलाच नव्हता. श्रावण गेला, भादवा गेला. बोटांची टोकं फुटली, त्यावर घट्टे धरले. बायको रोज सकाळी कोमट तेलानं करंगळी चोळायची.

"आज जरा वळतीया न्हवं?" ती विचारायची.

वळत नव्हती. मी "व्हय" म्हणायचो.

दसरा झाल्यावर मास्तरांनी मला बँडातल्या दोन जुन्या वादकांसमोर बसवलं. पहिला साचा झाला, दुसरा झाला, तिसऱ्यापाशी सूर मेला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी तारांवर तळहात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्या कानात खोट नाही."

त्यांनी शिवी दिली असती तर सोसवली असती.

बायकोनं गणवेश धुऊन दिला, तो मी परत केला. मग कळंब्याकडच्या एका गुऱ्हाळावर उसाची चिपाडं वाळत घालायचं काम धरलं. मास्तर रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो.

दोन वर्षांनी ते कायमचे गोव्याला निघाले. जायच्या दिवशी आमच्या दारात आले. मी आतल्या खोलीत होतो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवली.

"घरात न्हाईत," ती त्यांना म्हणाली.

मास्तर उंबऱ्याशीच थांबले. "मी येऊन गेलो म्हणून सांगा," म्हणाले.

मी सगळं ऐकत होतो. उठलो नाही.