भरिताच्या धुरात गेलेली राजवट

माझ्या मामाचा धुळ्यात लहानसा छापखाना होता. शाळेच्या सुट्ट्यांत मी तिथे पत्रकांना घड्या घालत बसायचे. कामगारांच्या मागण्या, धरणात जमीन गेलेल्यांची निवेदनं, मोर्चाची हाक, जे छापून येईल ते वाचायचे. हुकूमशाही हा शब्द मी पहिल्यांदा तिथेच वाचला. तेव्हापासून तो कानावर पडला की मला दूरदेशीची राजधानी दिसायची, रणगाडे दिसायचे, चौकातला उंच पुतळा दिसायचा. आमच्या गावात ती आली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ती मोटारसायकलवरून आली आणि आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायली.

आमचं गाव यावलजवळचं, केळीचं. त्या वर्षी केबलचोरांनी उच्छाद मांडला होता. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायची, जाळून आतलं तांबं काढायचं आणि विकायचं. सकाळी शेतकरी शेतात गेला की बटण दाबतो, मोटार गप्प. ऐन उन्हात बागेला पाणी नाही. तक्रारी करून झाल्या, पंचनामे झाले, केबली जातच राहिल्या. अशात सुरतेला बरीच वर्षं नोकरी करून एक गृहस्थ गावी परतले. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणते. त्यांनी घरटी एक माणूस घेऊन गस्त सुरू केली, मंदिरासमोर आणि रस्त्यांवर कॅमेरे बसवले, आणि थोड्याच दिवसांत चोऱ्या थांबल्या.

हे खरं आहे आणि मला ते लपवायचं नाही. चोऱ्या थांबल्या. लोकांना झोप लागायला लागली. ज्या माणसामुळे आपल्याला झोप लागते, त्याला आपण फार प्रश्न विचारत नाही. भाऊंनी शिस्त समिती काढली तेव्हा त्यांच्या गळ्यात पहिला हार माझ्या वडिलांनी घातला.

पहिला नियम गस्तीचा होता. गस्त चुकवली तर संध्याकाळी मंदिरातल्या लाऊडस्पीकरवरून गावाची माफी मागायची. पहिली माफी मागितली ती गावातल्या नामांकित दारुड्याने. तो माईकसमोर अडखळला, रडला, बायकोचं नाव घेऊन शपथ खाल्ली. सगळं गाव हसलं. त्याच्या बायकोने म्हणे त्या रात्री कितीतरी दिवसांनी मार खाल्ला नाही. माझी आईसुद्धा मला फोनवर म्हणाली होती, "काही म्हन, पन त्या भाऊना धाक बरा शे."

माझी आई पिंपळनेरकडची. इतकी वर्षं इकडे राहूनही तिने अहिराणी सोडलेली नाही.

मग माफ्या वाढल्या. कुणाची शेळी कुणाच्या बागेत शिरली, कुणी ग्रामसभेत आवाज चढवला, कुणाची मुलगी कॉलेजच्या बसमधून उतरून कुणाशी बोलत उभी राहिली. संध्याकाळी लोक टीव्ही बारीक करून ओट्यावर येऊन बसत आणि आज कोण, ते ऐकत. चहा तेव्हाच टाकला जायचा. मला विचाराल तर त्या राजवटीचा खरा पाया तो चहा होता. रोज संध्याकाळी कुणीतरी दुसरा माईकसमोर उभा आहे आणि आपण घरी आहोत, याच्याइतकं सुख दुसरं नाही. प्रत्येकाला वाटायचं, नियम त्या दुसऱ्यासाठी आहेत. ज्यांची पाळी येऊन गेली, ते तर सर्वांत कडक झाले. आम्ही मागितली, आता यांनाही मागू दे.

माफीला नकार देणाऱ्यासाठी बहिष्कार होता, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, व्यवहार करायचा नाही. तो पहिल्यांदा टाकला गेला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने भरून देणाऱ्या एका वायंडरवर. तो बाहेरगावचा, भाड्याने राहणारा. दिवसभर काम करून मला गस्त झेपत नाही, एवढंच तो म्हणाला होता. त्यानंतर गावच्या जळालेल्या मोटारी ट्रॅक्टरवर टाकून यावलला जाऊ लागल्या, पंधरा पावलांवर त्याचं दुकान उघडं असताना. लोक कुरकुरत मोटारी चढवायचे, पण त्याच्या दुकानाकडे बघायचे नाहीत.

त्या वायंडरच्या बायकोला ताप भरला आणि तो तिला घेऊन रस्त्यावर उभा होता तेव्हा माझे वडील तिथून मोटारसायकलवर चालले होते. त्यांनी दोघांना मागे बसवलं आणि यावलच्या दवाखान्यात सोडलं. कॅमेऱ्यात ते दिसलं. समितीने बोलावलं. भाऊ म्हणाले, "तुम्ही आपलेच हायेत. दोन शब्द माईकवर बोला न् मोकळे व्हा."

वडील म्हणाले, "मी गाडीवर मानूस बसवला, भाऊ. चोर नही बसवला. माफी कशाची मागू?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराशी कुणी बोलेना.

मी जळगावला शिकत होते. घरी आले तेव्हा थंडी पडली होती. वडील आधीच कमी बोलणारे असतील असं तुम्हाला वाटेल, तर तसं नाही. ते एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला स्वतःच्या आजोबांच्या विहिरीची गोष्ट सांगणारे. तो माणूस आता खाटेवर बसून मोबाईल उलटसुलट करत होता. गिरणीवाला आमचा डबा न बोलता घ्यायचा, सगळ्यांत शेवटी दळायचा आणि उंबऱ्याबाहेर ठेवून द्यायचा. आमच्या बांधाला बांध असलेले नाना, ज्यांच्याबरोबर वडिलांनी अर्धं आयुष्य पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या, ते वडील दिसले की केळीचं पान उलटं करून त्यावर रोग शोधायला लागायचे.

पण हे सगळं सहन झालं असतं. घोर होता तो बागेचा. आमची थंडीत निघणारी बाग कापणीला आली होती. केळीचा घड हिरवा असताना, भरला की कापावा लागतो. दिवस चुकला तर तो झाडावर पिवळा पडतो, फुटतो, आणि व्यापारी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. वर्षभराचं पाणी, खत, राबणं त्या थोड्या दिवसांत जातं. घड कापायला टोळी लागते आणि टोळीच्या मुकादमाला सांगितलं गेलं होतं की या बागेत गेलास तर गावातली दुसरी बाग तुला मिळणार नाही. आईने मला शेतात नेलं. काही घडांच्या कडेच्या फण्या पिवळसर दिसायला लागल्या होत्या. आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली, तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी पेटले. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, कायदा आहे, मी तक्रार देणार, मामाकडून पत्रक छापून आणणार, असं सगळं मी एका दमात सांगितलं.

वडील म्हणाले, "दे तक्रार. पोलीस येऊन घड कापतीन का?"

"म्हणून गप्प बसायचं?"

"मी कुठं गप्प बसलो? मायाशी बोलाले कोनी नही, हे वेगळं."

तक्रार मी दिली. पत्रकाचा मजकूरही लिहून मामाला पाठवला. पण तक्रारीला तिच्या चालीने चालायचं होतं आणि घडांना तेवढा धीर नव्हता.

इथे भरिताचं सांगायला हवं, कारण भाऊंची एकच चूक झाली आणि ती भरितात झाली. आमच्याकडे थंडीत शेतात भरीत होतं. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, सोलायची, हिरव्या मिरचीसोबत लाकडी बडगीत ठेचायची, आणि बांधावर बसून केळीच्या पानावर गरम गरम खायची. निमंत्रण वेगळं द्यावं लागत नाही. काड्यांचा धूर वर गेला की आजूबाजूच्या शेतातल्या माणसांनी यायचं. धूर पाहून न येणं म्हणजे त्या शेताचा अपमान. आणि भरितावर बसला की माणूस बोलतो. भावाची भानगड, सोसायटीची निवडणूक, सुनेचं कौतुक, सगळं तिथे निघतं.

भाऊंना हे बरोबर कळलं होतं. चार माणसं शेतात बसली की गटबाजी होते, असं म्हणून त्यांनी विनापरवाना भरीत बंद केलं. त्याऐवजी मंदिराच्या सभामंडपात गावभरीत ठेवलं. पंगती बसल्या, पानं वाढली गेली, आणि मग भाऊ एकजुटीवर बोलायला उभे राहिले. बोलत राहिले. भरीत निवलं, वरचं तेल गोठलं. घरी परतताना कुणी काही म्हटलं नाही. पण आमच्या माणसाला माईकवर माफी मागायला लावा, तो मागेल. थंड भरीत तो विसरत नाही.

हे मला नंतर कळलं. आईला आधीच कळलं असावं. एका सकाळी तिने वांग्यांची टोपली भरली आणि मला म्हणाली, "चाल."

"परवानगी?"

"आपला वावर, आपला वांगा. कसानी परवानगी?" मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "तुन्हं ते पत्रक येऊ दे, मी नही म्हनत नही. पन कागद वाचाले लोके भ्यातस. भरीत खावाले कोन भ्यास?"

ऊन चांगलं वर आल्यावर तिने काड्या पेटवल्या. त्या साऱ्या हंगामात शिवारात एकही धूर निघाला नव्हता, त्यामुळे आमचा धूर फार उंच वाटला. वांग्यांची सालं तडतडायला लागली, वास सुटला. आईने नेहमीसारखी बांधावरून हाक मारली, "नाना, या हो, भरीत व्हयनं." वडील मान खाली घालून पानं पुसत होते. नाना त्यांच्या बागेत पाठमोरे उभे होते. आले नाहीत.

आई मिरच्या ठेचत राहिली. थोड्या वेळाने बांध ओलांडून नाना आले, वडिलांकडे न बघता खाली बसले आणि म्हणाले, "मी बोलाले नही आलो. भरीत खाले आलो. नियम बोलायचा हाये, खायचा नही."

"मंग खा," वडील म्हणाले.

"तू मह्याशी बोलू राह्यला."

"मी बोलू शकतो. मायावर कुठं बंदी हाये? बंदी तुमच्यावर."

नानांच्या तोंडात घास होता. ते असे हसले की ठसका लागला, आणि पाणी देता देता वडील त्यांच्या पाठीवर थापटत राहिले, लागत होतं त्यापेक्षा जास्त वेळ.

नंतर पलीकडच्या बागेतले दोघे सख्खे भाऊ आले. गिरणीवाला शेताकडे कशाला आला होता देव जाणे, पण आला. भाऊंच्या गस्तीतली तीन पोरं आम्हाला थांबवायला आली आणि आईने त्यांच्या हातात पानं दिली. टोळीचा मुकादम सर्वांत मागे, उकिडवा बसला. आईने टोपली रिकामी केली, तशी नानांच्या घरून दुसरी आली.

मग मोटारसायकल आली. भाऊ उतरले. हातातले घास थांबले. त्या क्षणी सगळे उठून गेले असते तर मी हे लिहायला बसले नसते.

"कोनाची परवानगी हाये?" भाऊंनी विचारलं.

नानांनी पानातलं भरीत बोटाने एकत्र केलं. "भाऊ, भरीत निवतं. बसायचं त बस."

"एकेकाचं नाव आज माईकवर घेतो."

"घे बाप्पा," नाना म्हणाले. "पन ऐकाले कोन राहीन? गाव त इथं बसलेलं हाये."

कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटतं ते गस्तीतल्याच एका पोराचं हसू होतं. मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात राग कमी होता, सुटका जास्त होती. भाऊ थोडा वेळ गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना शिक्षा करायची होती, पण शिक्षा करायला जी माणसं लागतात ती सगळी आमच्या बांधावर जेवत होती. आईने त्यांच्यासाठीही पान पुढे केलं. ते न घेता ते निघून गेले. त्या संध्याकाळी लाऊडस्पीकरवर फक्त आरती झाली.

पुढे काही जणांनी भाऊंवरच बहिष्कार टाकायची भाषा केली. वडिलांनी ती मोडून काढली. मीही वडिलांच्या बाजूने भांडले. भाऊंनी कायद्यासमोर उत्तर द्यावं हे मी आजही म्हणते, तक्रार मागे घेतलेली नाही. पण गावात त्यांना कुणी ना कुणी राम राम घालायलाच हवा. शिवारात पुन्हा एखादी केबल जाते तेव्हा "भाऊच्या टायमाले असं नव्हतं" म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी मी वाद घालते, आणि ते माझ्याशी मोकळेपणी वाद घालू शकतात.

भरिताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम टोळी घेऊन आमच्या बागेत आला. काही घड हातचे गेलेच होते, ते बाजूला काढले. बाकीचे चांगले निघाले. कोयते चालत होते, माणसं खांद्यावर घड घेऊन ट्रककडे पळत होती, आणि वडील त्यांच्याबरोबर पळत बोलत होते. आजोबांची विहीर, वायंडरच्या बायकोचा ताप, यंदाची थंडी, जळगावला मी काय शिकते, तेही. कित्येक दिवसांचं साठलेलं. मुकादम घड मोजता मोजता दोनदा चुकला आणि शेवटी वैतागून म्हणाला, "दादा, हात जोडतो, घडीभर गप्प बसा."

वडील गप्प बसले. ट्रकच्या चाकाला टेकून, तोंडभर हसत.