झाकल्या अंगावरचे डाग

डॉ. काझीबाईंची आणि माझी पहिली भेट बोलणी खाण्यात गेली. त्वचारोगाची पदवी मिरवीत मी त्यांच्या महाडच्या दवाखान्यात रुजू झालो आणि पहिल्याच रुग्णाचा हात पाहून ‘नायटा’ म्हणून मोकळा झालो. बाई म्हणाल्या, “हात तर सगळेच दाखवतात. ऊन न लागणारी कातडी बघितलीत का?”

बाई शोधत होत्या तो त्वचेतल्या लसिकापेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, दुर्मिळ कर्करोग पुस्तकात लाल चट्ट्यांचा असतो. आमच्या सावळ्या अंगावर तो पुष्कळदा फिकट डाग होऊन येतो. कंबरेवर, मांडीवर, न दुखता, वर्षानुवर्षे. डोंगरातली माणसे कोड समजून तो लपवतात. दासगावकडे आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेले मलम चोपडतात, त्याने तो पुसट होऊन ओळखू येत नाही. डॉक्टरांपुढे नीटनेटके जावे म्हणून आपली माणसे निघतानाही मलम लावतात! “मलम न लावता या,” हे बाई लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत बसतात. पानातला भात निवून जातो.

शेजारच्या तालुक्यातल्या कुडपणच्या अनसूयाबाई आल्या तेव्हा डागाची गाठ झाली होती.

“इतकी वर्षं का नाय दाखवलंस गो?” बाईंनी विचारले.

“पोरीचं लगीन ठरायचं व्हतं, बाय. कोड हाय म्हनले असते.”

बाई त्यांना स्वतः मुंबईला घेऊन गेल्या, उशाशी बसून पेज भरवली. अनसूयाबाई वाचल्या नाहीत. त्यांच्या दिवसकार्याला बाई कुडपणला गेल्या आणि जमलेल्या बायकांना सारे समजावले. सगळ्यांनी माना डोलावल्या. डाग कुणीच दाखवला नाही.

खरे सांगतो, मी हताश आहे. नवा डॉक्टर इथे टिकत नाही. बाईंचा हात आता कापतो. तपासणीसाठी कातडीचा तुकडा मी काढतो, पण कुठला काढायचा हे त्याच सांगतात. मला अजून तो डाग पटकन ओळखता येत नाही.

गेल्या आठवड्यात अनसूयाबाईंची धाकटी जाऊ दारात उभी राहिली. “मलम नाय लावलंय, बाय. बघा.” कंबरेवर फिकट डाग होता.

“तुझ्या पोरीचं लगीन?”

“व्हईल तवा व्हईल.”

बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे.

बाई, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा देताना मी माझा स्वार्थ लपवीत नाही. आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. दारात आता कुठे एक जण मलम न लावता आली आहे, आणि तिचा डाग ओळखणारे डोळे या दोन तालुक्यांत फक्त आपले आहेत.