आमाँ ब्युझोलचा बांध

"समुद्राला राजा नसतो," असं आमाँ ब्युझोल येता-जाता म्हणायचा. फ्रेंच आणि इंग्रज राजांनी त्याच्या फ्रेंच गावाची खाडी एकमेकांकडून कितीदा हिसकावली, याची मोजदाद त्याने कधी ठेवली नाही. त्याच्या वाडवडिलांनी खाजणाला बांध घालून समुद्र बाहेर ठेवला होता आणि आत गहू पिकवला होता, एवढंच त्याला ठाऊक.

मग इंग्रजांनी फर्मान काढलं, आमच्या बाजूने बंदूक उचलायची शपथ घ्या. गावाने नकार दिला. घरं जाळली गेली, माणसं जहाजांत कोंबून दूर धाडली गेली. आमाँ आणि त्याची बायको अनास्ताझी रानात लपले. चौथ्या हिवाळ्यात भुकेपुढे हरले आणि इंग्रजांच्या किल्ल्यात कैदी झाले.

गावाच्या जमिनी दक्षिणेकडून आलेल्या इंग्रज शेतकऱ्यांना मिळाल्या. पण वादळाने बांध फुटले होते. नव्या लोकांनी दगडमाती ओतली, ती पुढच्याच उधाणात गेली. तेव्हा किल्लेदाराने आमाँला बोलावलं. काम चालेल तोवर बायकोसकट इथेच राहा, म्हणाला.

"बांधा, पण शिकवू नका," अनास्ताझीने बजावलं. "त्यांना येत नाही तोवरच आपण इथे."

"मी काय खुळा आहे?"

"चाळीस वर्षं बघतेय. कशाला विचारता?"

आमाँच्या वडिलांचं शेत आता एलिफलेट नावाच्या तरण्या इंग्रजाकडे होतं. बांधातल्या मोरीची लाकडी झडप त्याने आतल्या अंगाला टांगली. आमाँने ती चूक पाहिली आणि पाठ फिरवून आपल्या कामाला लागला. रात्रीच्या भरतीने झडप लोटून खारं पाणी आत घातलं. सकाळी वादळातून वाचलेल्या तुकड्यातले गव्हाचे कोंब खाऱ्या चिखलात आडवे झाले होते. आता दोन-तीन वर्षं तिथे काही उगवणार नव्हतं.

आमाँ चिखलात उतरला. "झडप समुद्राच्या अंगाला टांग, लेका. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून जाईल, भरती आली की समुद्रच दार लावून घेईल. आणि ही ढेकळं गवतासकट काप. बांधावर रचताना गवत बाहेर, मुळं आत."

एलिफलेट मोडक्या फ्रेंचमध्ये प्रत्येक शब्द परत म्हणत राहिला. संध्याकाळी चिखलाने माखलेला नवरा बघून अनास्ताझी एवढंच म्हणाली, "शिकवलंत."

"शेत मरत होतं गं."

पानगळीपर्यंत बांध उभा राहिला. त्याच आठवड्यात कैद्यांना जहाजावर चढवायचा हुकूम आला.

निघायच्या सकाळी एलिफलेट पावाची लादी घेऊन आला. मान वर करेना. "मी किल्लेदाराला म्हटलं, म्हातारा हवा आहे. त्याने विचारलं, तुला एकट्याला बांध जमतो का? मला खोटं बोलता आलं नाही, बाबा."

"मलाही आलं नसतं," आमाँ म्हणाला. "उधाणानंतर मोरीतला गाळ काढत जा. आळस करू नकोस."

पाव अनास्ताझीने घेतला. आमाँने बोचकं खांद्यावर टाकलं आणि तो किनाऱ्याच्या वाटेला लागला, बांध डाव्या हाताला ठेवून, एकदाही न वळता. अनास्ताझी मात्र दोनदा वळली. बांधावर एलिफलेट टोपी हातात घेऊन उभा होता, ती दोघं दिसेनाशी होईतो.